गाडी थांबायला किती जागा लागते?

नोव्हेंबर २०१८ मध्ये चंद्रपूरच्या जुनोना जंगलात, बल्लारशाह–गोंदिया लोहमार्गावर वाघाचे तीन बछडे रेल्वेखाली ठार झाले. सातवीतला ‘गती, बल व कार्य’ हा पाठ अशा रुळांवर जिवाशी जोडलेला असतो.

ताशी ६० किमी चालीची गाडी सेकंदाला १६.७ मीटर अंतर कापते. ब्रेक लागल्यावर तिचा वेग दर सेकंदाला अर्धा मीटर प्रतिसेकंद घटत गेला, तर ती सुमारे २८० मीटर पुढे जाऊन थांबेल. वेग घटण्याच्या या दराला ऋण त्वरण म्हणतात. चाल ताशी ३० किमी केली, तर हेच अंतर ७० मीटरवर येते. चाल निम्मी होते, अंतर मात्र चौथ्या हिश्श्यावर! जंगलपट्ट्यात वेगमर्यादा का हवी, हे मुलांना पटवायला एवढे गणित पुरते.

बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण. गाडी ५०० टनांची धरली, तर वरच्या उदाहरणात ब्रेकचे बल अडीच लाख न्यूटन होते.

चाल आणि वेग यांत फरक दिशेचा. बल्लारशाहून गोंदियाला जाऊन परतलेल्या गाडीचे विस्थापन शून्य, म्हणून सरासरी वेगही शून्य. सरासरी चाल मात्र शून्य नसते. वळणावर चाल कायम राहिली तरी दिशा बदलते, म्हणजे तिथेही त्वरण असते. चंद्रपूर–मूल रस्त्यावर मोटार वळते, तेव्हा त्यासाठीचे बल टायर आणि रस्त्यातले घर्षण पुरवते. पावसात ते कमी होते.