भाऊ आणि भाव

मासा मेला आहे. होडीच्या कुशीला दोरांनी आवळून बांधलेला आहे आणि म्हातारा सान्तियागो हिशेबाला बसला आहे. दीड हजार पौंड तरी भरेल, कदाचित जास्तच. साफ करताना एक तृतीयांश जाईल. उरलेल्याला पौंडामागे 30 सेंट भाव धरला तर... इथे त्याचं डोकं चालेनासं होतं, पेन्सिल हवी होती असं त्याला वाटतं. आपण गणित पुरं करू: हजार पौंडांचे 300 डॉलर. आदल्या दिवसापासून तो याच माशाला भाऊ म्हणत आला आहे.

अर्नेस्ट हेमिंग्वेची 'द ओल्ड मॅन अँड द सी' 1 सप्टेंबर 1952च्या 'लाइफ' साप्ताहिकात एका दमात छापली गेली आणि त्या अंकाच्या 50 लाखांहून जास्त प्रती दोन दिवसांत खपल्या. पुढच्या वर्षी पुलित्झर, त्याच्या पुढच्या वर्षी नोबेल. मराठीत ती पु. ल. देशपांडे यांनी 'एका कोळियाने' या नावाने आणली. तिच्याबद्दल आपल्याकडे जे बोललं जातं त्यात जिद्द असते, पराभव असतो, माणूस आणि निसर्ग असतो. 30 सेंट मात्र सहसा नसतात. मला ते सेंट महत्त्वाचे वाटतात. कथेतला कोळी आणि त्याचा मासा यांचं नातं खरं की बेगडी, हे ओळखायचं असेल तर कोळ्याला भाव आठवतो का ते बघावं.

आधी गळाकडे पाहू, कारण हे नातं गळामुळेच जुळतं. कोकणात गरवायला बसणाऱ्याला हे सांगायला नको. जाळ्यात मासे येतात, गरीला एक मासा लागतो. सान्तियागो 84 दिवस रिकाम्या हाताने परतलेला. 85व्या दिवशी नेहमीपेक्षा लांब जातो. दुपारच्या सुमारास शंभर वाव खोल सोडलेल्या गळावरचं आमिष कुणीतरी चाखतंय, हे त्याला बोटांमधल्या दोरावरून कळतं. दिसत काहीच नाही. मासा गिळतो आणि होडीला घेऊन वायव्येकडे निघतो. दोर होडीला बांधून टाकता येत नाही. बांधला तर एका हिसक्यात तुटेल. मासा ओढेल तेव्हा सैल सोडायचा, थकेल तेव्हा आत घ्यायचा, एवढंच हाती उरतं. म्हणून म्हातारा दोर स्वतःच्या पाठीवरून घेतो. माशाचं प्रत्येक वळण त्याच्या खांद्याला कळतं. डाव्या हाताला गोळा येतो, बोटं आत वळून बसतात. हाताला जोर यावा म्हणून तो कच्चा ट्यूना चावून चावून खातो; आणि खाता खाता त्याच्या मनात येतं, त्या खालच्यालाही काही भरवता आलं असतं तर! भाऊच तो. पण मारायचा आहे, आणि मारायला ताकद हवी, म्हणून आपण खायचं. दया आणि डावपेच एकाच घासात, इतकं नेमकं मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

ही गोष्ट आभाळातून पडलेली नव्हती. एप्रिल 1936च्या 'एस्क्वायर' मासिकात हेमिंग्वेने गल्फ स्ट्रीमवर एक लेख लिहिला. त्यात हा एक परिच्छेद आहे: क्युबातल्या काबान्यासहून एकटाच गेलेला एक म्हातारा, त्याला लागलेला अजस्र मार्लिन, मागे लागलेले शार्क. दोन दिवसांनी इतर कोळ्यांना तो साठ मैल पूर्वेला सापडला, तेव्हा तो नुकसानीने वेडापिसा होऊन रडत होता. माशाचा निम्म्याहून कमी भाग उरला होता, आणि तोच 800 पौंड भरला.

800 पौंड म्हणजे सुमारे 363 किलो. त्या खऱ्या म्हाताऱ्याच्या पदरात बाजारात नेण्याजोगं काहीतरी होतं. पुढे कादंबरी लिहिताना हेमिंग्वेने तेही काढून घेतलं. डोकं, शेपूट आणि मधला काटा एवढंच ठेवलं. रडणंही काढून टाकलं. या दोन काटछाटींत कादंबरी उभी राहिली, असं माझं मत आहे. नुकसान अर्धवट असतं तर वाचक हळहळला असता. भाव शून्यावर आल्यावरच भाऊपणा उघडा पडतो.

जाता जाता एक गंमत. निळ्या मार्लिनचा नर 160 किलोच्या पुढे क्वचितच जातो; अवाढव्य वाढतात त्या माद्या. सान्तियागोचा मार्लिन 18 फूट लांब आणि 680 किलोच्या वरचा. म्हणजे हा भाऊ जीवशास्त्राच्या दृष्टीने बहीण ठरतो. हेमिंग्वे अडाणी नव्हता. 1934मध्ये त्याने फिलाडेल्फियाच्या निसर्गविज्ञान अकादमीचे अभ्यासक मार्लिन तपासायला आपल्या 'पिलार' बोटीवर बोलावले होते. त्यांतल्या हेन्री फाउलरने पुढच्या वर्षी एका माशाला हेमिंग्वेचं नावही दिलं. तरी कादंबरीत मासा पुरुषच राहिला. मात्र एक मादी तिथे आहे, आठवणीतली. जोडीतली मादी गळाला लागते, नर शेवटपर्यंत होडीची पाठ सोडत नाही, तिला वर घेतल्यावर ती कुठे गेली हे बघायला हवेत उंच उडी मारतो. सान्तियागो आणि त्याच्या हाताखालचा पोरगा मानोलिन तिची क्षमा मागतात आणि लगेच तिला कापायला घेतात. 'लगेच' हे विसरू नये.

आता ज्याने भाव सोडला त्याच्याकडे वळू. हर्मन मेलव्हिलच्या 'मोबी डिक'मधला (1851), एका पांढऱ्या देवमाशाचा सूड घ्यायला निघालेला कॅप्टन एहॅब. 1820मध्ये 'एसेक्स' हे नँटकेटचं जहाज एका स्पर्म देवमाशाने धडक देऊन बुडवलं होतं. वीस खलाशांपैकी आठ जगले. मेलव्हिलला ती हकीकत ठाऊक होती. (देवमासा मासा नव्हे, हे वाचकाने मनात ठेवावं, मेलव्हिलचा निवेदक मात्र तो मासाच आहे असं ठासून सांगतो.) देवमाशाच्या तेलावर तेव्हा दिवे जळत, यंत्रं फिरत. एहॅबचा मुख्य अधिकारी स्टारबक सरळ विचारतो की या सूडातून किती पिंपं तेल निघणार आणि नँटकेटच्या बाजारात त्याला काय मिळणार. प्रश्न बनियाचा वाटतो, पण सबंध जहाजावर शहाणा तोच. एहॅबला भाव नको, फक्त तो एक पांढरा जीव हवा. अखेर भाल्याचा दोर त्याच्याच गळ्यात अडकतो आणि तो ओढला जातो. त्याचं नातं जबर खरं, पण ते कोळ्याचं राहिलेलं नाही.

आणि ज्यांना नातं परवडतच नाही त्यांचं काय? माणिक बंदोपाध्याय यांच्या 'पद्मा नदीर माझी'त (1936) भर पावसाळ्यात, रात्र रात्र पद्मेवर हिलसा धरणारा कुबेर आहे. होडी धनंजयची, जाळंही त्याचंच. म्हणून निम्मे मासे त्याचे आणि उरलेल्या निम्म्यात कुबेर आणि त्याचा साथीदार गणेश. वर धनंजय संख्या सांगताना खोटं बोलतो. अशा होडीत कुणी हिलशाला भाऊ म्हणेल? मासा हाती येतो तोच मुळी दुसऱ्याचा होऊन. तकळी शिवशंकर पिळ्ळै यांच्या 'चेम्मीन'मध्ये (1956) नातं माशाशी नाहीच, कडलम्माशी, समुद्रमातेशी आहे, आणि त्याचा सगळा भार किनाऱ्यावरच्या बायकोच्या पातिव्रत्यावर टाकलेला. तिथेही शेवटी पळनी हा कोळी एकटा जातो, गळाला मोठा शार्क लागतो आणि तो परत येत नाही. जाळ्याच्या आणि वाट्याच्या कोळ्याला माशाशी एकास एक भिडायला असं मरणाच्या रात्रीच मिळतं. सान्तियागोचं भाग्य म्हणायचं तर हेच, की होडी त्याची, गळ त्याचा आणि मासाही पुरा त्याचाच.

सान्तियागोच्या गोष्टीवरच्या 1958च्या चित्रपटासाठी तेवढाच मोठा मासा हवा होता. 1956मध्ये हेमिंग्वे चित्रीकरणासाठी पेरूच्या काबो ब्लांकोला गेला, पण मनासारखा मासा मिळाला नाही. शेवटी 1953मध्ये तिथेच आल्फ्रेड ग्लासेल या अमेरिकी हौशी माणसाने पकडलेल्या 1560 पौंडी काळ्या मार्लिनची दृश्यं वापरली गेली. कादंबरीतल्या अंदाजाइतकंच वजन, तेही पुस्तक आल्यानंतर वर्षभरात! गळकाठी आणि चक्री यांच्या बळावर ती झुंज दोन तासांच्या आत आटोपली होती. तो विक्रम आजही मोडलेला नाही, पण त्या माशाला कुणी भाऊ म्हटल्याचं ऐकिवात नाही.

सान्तियागो मात्र शेवटपर्यंत दोन्ही सांभाळतो. पहिला शार्क 40 पौंडांचा लचका तोडून गेल्यावर तो वाकतो, त्या जखमेतून मांसाचा तुकडा काढून चावतो. घट्ट, रसदार, धागे नाहीत; बाजारात सगळ्यांत वरचा भाव आला असता, हे त्याला चवीवरूनच कळतं. त्यानंतर तो माशाची माफी मागू लागतो: इतक्या लांब यायला नको होतं, तुझंही वाटोळं झालं, माझंही. ज्याला मालाची पारख आहे त्याच्याच तोंडी ही माफी शोभते.

किनाऱ्यावर पोचल्यावर वाटणी होते. भाल्यासारखी चोच मानोलिनला. डोकं गावातल्या पेद्रिकोला, माशांच्या सापळ्यांत आमिष म्हणून तोडून घालायला.