भुईनळा फुटला तेव्हा

मैत्रिणींनो, दिवाळी आली की माझं लक्ष आधी पुतण्याच्या उजव्या हाताकडे जातं. २०१७ साली आम्ही सगळे सासरच्या गावी होतो, जव्हारच्याही आत, डोंगरात. भुईनळा पेटेना म्हणून हा हात पुढे करून पाहायला गेला आणि तो फुटला! बोटांपासून कोपरापर्यंत भाजलं.

घरात एकच गोंधळ. कुणी टूथपेस्ट आणली, कुणी हळद-तूप. सासूबाई बटाटा किसायला बसल्या. शाळेत मी प्रथमोपचाराचा धडा शिकवते, बरं का! त्या घरात कधी चढला नव्हता तो माझा आवाज चढला, "काही लावू नका, आधी पाणी!" नळ कुठला तिथे? जाऊबाई रडत रडत विहिरीवरून कळशा आणत होत्या आणि मी तांब्याने धार धरली होती, घड्याळ लावून २० मिनिटं. बाकीचं अंग चादरीत गुंडाळलं, नाहीतर पोर गारठतं. सूज यायच्या आत मनगटाचा दोरा कापला. कातडीला चिकटलेली बाही मात्र ओढली नाही, भोवतीने कातरली. फोड तसेच ठेवून धुतलेल्या सुती कापडाने हात सैल झाकला.

फोनला रेंज फक्त टेकडीवर. दिरांनी तिथून १०८ लावला. रुग्णवाहिका यायला दोन तास लागले. पुढे धनुर्वाताचं इंजेक्शन, कातडी लावण्याची शस्त्रक्रिया, महिनोन् महिने व्यायाम. अंगठा अजून पुरता वळत नाही, पण लिहितो त्याच हाताने.

सासूबाई माझा तो आवाज विसरलेल्या नाहीत. मात्र फटाक्यांआधी अंगणात पाण्याचं पिंप त्याच भरून ठेवतात.