साडेसात तोळे, पण कुठल्या तोळ्याचे?

पुणे-सातारा हमरस्त्यावर कापूरहोळच्या चौकात एक रस्ता भोरकडे वळतो, दुसरा नारायणपूर-सासवडकडे. केतकावळ्याच्या बालाजीला निघालेल्या गाड्या, भोरची एसटी, बाजाराला आलेली खेड्यापाड्यांतली माणसं, सगळं इथंच एकत्र येतं. रमजान अर्ध्यावर आला की या पट्ट्यातल्या मुस्लिम घरांत ट्रंकेच्या तळाची डबी वर निघते. जकात काढायची तर आधी दागिना तोलायला हवा.

जकात म्हणजे वर्षभर साठून राहिलेल्या धनातला अडीच टक्के वाटा, गरजूंचा. सोन्याची किमान मर्यादा, म्हणजे निसाब, साडेसात तोळे. पण हा जुना तोळा, ११.६६ ग्रॅमचा. म्हणजे ८७.४८ ग्रॅम. सराफाकडे आज दहा ग्रॅमला तोळा म्हणतात, त्या हिशेबाने साडेसात तोळे पंचाहत्तर ग्रॅमच भरतात. (सोन्याबरोबर चांदी किंवा रोकडही असेल, तर बहुतेक हनफी घरांत चांदीचा निसाब धरतात, ६१२.३६ ग्रॅम.) भोरवरून वरंधा घाट उतरून महाडकडे गेलं की रीत बदलते. कोकणातले मुसलमान बहुतांशी शाफई. त्यांच्याकडे बाईच्या नेहमीच्या वापरातल्या दागिन्यावर जकात धरत नाहीत. देशावरची सून कोकणात गेली की हा वाद जेवणाच्या ताटावर हमखास निघतो.

तोळ्याचा हा घोळ फक्त जकातीपुरता नाही. आजी सांगते, "पाटल्या पाच तोळ्यांच्या आहेत." तिच्या सासूने घडवल्या तेव्हा ते ५८ ग्रॅम होते. घेणारा पाच तोळे म्हणजे पन्नास ग्रॅम धरून पैसे मोजतो आणि आठ ग्रॅम सोनं बोलता बोलता गायब होतं. कुणी खोटं बोललेलं नसतं. जुना दागिना स्वस्तात मिळाला म्हणून खूश होणाऱ्यांची खुशी बरेचदा एवढ्यावरच उभी असते.

खरा फायदा वेगळीकडे आहे. नव्या दागिन्यात सोन्याच्या भावावर घडणावळ पडते, वर ३ टक्के जीएसटी. तोच दागिना मोडीत निघाला की घडणावळीचं कुणी विचारत नाही, उलट घट धरतात. म्हणून ज्यांना जुनी वज्रटीक, चिंचपेटी, बोरमाळ हवी असते, ते मूस तापायच्या आधी सराफाला गाठतात. सोन्याच्या भावात घडण जवळजवळ फुकट पदरात पडते. दुकानदाराने मात्र हॉलमार्क करून आणि पावती देऊनच ती विकायला हवी.

अशा वेळी नजर लागते. बोरमाळेचा मणी पोकळ असतो, आत लाख भरलेली. तराजू लाखही तोलतो. ठुशी, पुतळ्यांची माळ यांत दोरा आणि गोंडा येतो. हे ओवण्याचं काम पटवेकऱ्यांचं. पटवेकर आडनाव हिंदूंतही आहे आणि मुसलमानांतही, आणि माळ ओवणारे हात कुणाचे हे गळ्यात घालणारीला कधी विचारावंसं वाटलेलं नाही.

चांदीत शोध जास्त रंगतो. पुण्याच्या जुन्या बाजारात, बुधवारी आणि रविवारी, राणीच्या छापाच्या रुपयांच्या माळा अजून दिसतात. नकलाही भरपूर. ओळखायला सोपी खूण म्हणजे वजन. ब्रिटिश काळातला चांदीचा रुपया बरोबर एक तोळा भरतो, ११.६६ ग्रॅम. कित्येक घरांत सोनं तोलायला वजन म्हणून रुपयाच टाकत. झीज झाली तर थोडा कमी, कडी डाखलेली असेल तर थोडा जास्त, पण नऊ ग्रॅम भरला तर काहीतरी गडबड आहे. सालही पाहावं. १९४० च्या आधीच्या रुपयात जवळजवळ ९२ टक्के चांदी, १९४० पासून निम्मीच. १९४७ चा तर निकेलचा. एकाच माळेत तिन्ही ओवलेले असू शकतात.

"खोदकामात सापडलंय, अर्ध्या भावात देतो" म्हणणाऱ्यापासून मात्र चार हात लांब. अशा बातम्या पेपरात येतच असतात. आणि गुप्तधन खरंच सापडलं, तरी १८७८ च्या कायद्याप्रमाणे ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. घरातल्या जुन्या सोन्याचा कस पाहायचा तर हॉलमार्किंग केंद्रात सामान्य माणसालाही तपासणी करून मिळते. २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोने चार दागिन्यांपर्यंत २०० रुपये शुल्क ठरवलं होतं.

राहिला प्रश्न समोरच्या बाईचा. मोड घेऊन सहसा आनंदाने कुणी येत नाही. दवाखाना असतो, मुलीची फी असते, बुडालेलं कांद्याचं पीक असतं. तिला आपला तोळा कुठला हे माहीत नसतं, घेणाऱ्याला असतं. मापात मारणाऱ्यांवर कुरआनात एक अख्खी सूरह आहे, मुतफ्फिफीन नावाची. काटा तिच्याकडे तोंड करून ठेवला, आकडा ग्रॅममध्ये मोठ्याने वाचला आणि लाख वेगळी काढून दाखवली, तरीही घेणाऱ्याची घडणावळ वाचतेच.

आणि ती ठुशी ईदला गळ्यात हवी असेल, तर पटवेकऱ्याकडे आत्ताच टाका. चाँदरातीला तो कुणाचं ऐकत नाही.