विजय आणि यश



ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी मला इंग्रजी शिकविले. मी पुढे मराठीचा प्राध्यापक झालो; परंतु शब्द पारखून घेण्याची सवय लागली ती त्यांच्या तासाला. आठवीत असताना कबड्डीच्या सामन्यावरील निबंधात मी मोठ्या अभिमानाने ‘वुई वन देम’ असे लिहिले होते. गुरुजींनी विचारले, “ती मुले तुम्हांला बक्षीस म्हणून मिळाली काय?” सारा वर्ग हसला.

चूक माझी होती, पण तिचे मूळ मराठीत होते. आपले ‘जिंकणे’ सामन्यालाही चालते, शत्रूलाही चालते आणि मनालाही. इंग्रजीत सामना, बक्षीस, निवडणूक यांना ‘विन’. प्रतिस्पर्ध्याला मात्र ‘बीट’ किंवा ‘डिफीट’.

नामांचेही असेच आहे. युद्धातील वा मोठ्या स्पर्धेतील जय म्हणजे ‘व्हिक्टरी’. ‘ट्रायम्फ’ त्याहून भारदस्त. प्राचीन रोममध्ये विजयी सेनापतीची जी मिरवणूक निघे, तिचे हे नाव. म्हणून त्यात विजयाबरोबर उत्सवही आहे. ‘अचीव्हमेंट’मध्ये श्रमाने संपादन केल्याचा भाव आहे. ‘सक्सेस’ची जात मात्र निराळी. त्याच्या मूळ लॅटिन धातूचा अर्थ ‘मागून येणे’ असा आहे. उत्तराधिकारी या अर्थाचा ‘सक्सेसर’ त्याच कुळातला. कार्यामागून जे फळ येते ते सक्सेस. आपला ‘सफल’ हा शब्दही फळावरूनच आला आहे. ‘यश’ मूळ संस्कृतात कीर्तिवाचक. मराठीत त्याला कार्यसिद्धीचा अर्थ आला.

तेव्हा निवड करताना एक प्रश्न विचारावा. ‘कोणावर?’ असे विचारता येत असेल तर तो विजय, ‘कशात?’ असे विचारावे लागत असेल तर ते यश. विजयाला प्रतिपक्ष लागतो, यशाला उद्दिष्ट लागते.

हा भेद केवळ कोशातला नव्हे. आपल्याच भूमीतील कोमरम भीम यांचे उदाहरण घ्या. जल, जंगल आणि जमीन यांवरील गोंड-कोलामांच्या हक्कासाठी ते निजामाच्या सत्तेविरुद्ध उभे राहिले आणि १९४० साली जोडेघाट येथे पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. जोडेघाट तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात होते; २०१६ पासून ते त्यांचेच नाव धारण करणाऱ्या आसिफाबाद जिल्ह्यात आहे. त्या दिवशी विजय कोणाचा झाला, हे उघड आहे. परंतु त्यानंतर निजाम सरकारला मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांच्याकडून आदिवासींच्या स्थितीची पाहणी करवून घ्यावी लागली. पुढे गोंडांना जमिनीचे पट्टे मिळू लागले. मार्लवाई येथे गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण सुरू झाले. देवनागरीत गोंडी वाचनपुस्तके निघाली. सेतुमाधवराव पगडी यांच्यासारख्या मराठी अधिकाऱ्याने गोंडी आत्मसात केली. प्रश्न सारे सुटले असे नव्हे. तरीही भीम यांच्या पदरी पराभव आला आणि त्यांच्या कार्यामागून यश आले, असे म्हणता येते. ‘विन’ आणि ‘सक्सीड’ एकच मानले, तर हे वाक्य लिहिताच येणार नाही.

येथे जमलेल्या पालकांना एवढेच सांगेन. हल्ली परीक्षेच्या निकालाला आपण रणांगणाची भाषा लावतो. मुलाने कोणाला मागे टाकले, हे आधी विचारतो. तो काय शिकला, हे नंतर. ‘उत्तीर्ण’ या शब्दाचा अर्थ ‘पार गेलेला’ असा आहे. पैनगंगा ओलांडणाऱ्याने कोणाचा पराभव केलेला नसतो. आणि एकजण पार झाला म्हणून दुसऱ्याची वाट बंद होत नाही.

मॅट्रिकला मी पहिल्या खेपेस गणितात नापास झालो. ‘हरलो’ असे म्हणत गुरुजींकडे गेलो. ते म्हणाले, “कोणाकडून?” मला उत्तर देता आले नाही. पुढल्या परीक्षेस मी पार झालो.

त्या एका प्रश्नाचे ऋण आज या व्यासपीठावरून मान्य करतो आणि आपली रजा घेतो.