‘घालून बघू का?’ : कपडेखरेदीपुरतं कोरियन

आज व्याकरण जरा बाजूला ठेवू. सोलमध्ये कपड्यांच्या दुकानात उभं राहिल्यावर तोंडातून काय निघायला हवं, तेवढंच बघू.

‘इगॉ ऑल्मायेयो?’ म्हणजे ‘हे केवढ्याला?’ हे वाक्य बहुतेकांना येतं. पंचाईत होते ती उत्तर आल्यावर. आपण हजार, लाख असं मोजतो. कोरियन माणूस दहा हजारांत मोजतो. दहा हजार म्हणजे ‘मान’. 35,000 वॉन सांगताना तो म्हणतो ‘साम्मान ओछॉन’, म्हणजे तीन मान आणि पाच हजार. आपला एक लाख म्हणजे त्यांचे दहा मान, ‘शिम्मान’. मनात ‘तीन हजार पाचशे’ असं धरून बसलात तर दहापट फसाल. जाण्याआधी आठवडाभर भाजीचे भावसुद्धा मानमध्ये म्हणून बघा, सवय होते.

आता खरी गंमत. ‘घालून बघू का?’ कपड्यांसाठी ‘इबॉ ब्वादो द्वेयो?’ पण बुटांसाठी ‘शिनॉ ब्वादो द्वेयो?’ आणि टोपीसाठी ‘स्सॉ ब्वादो द्वेयो?’ क्रियापदच बदलतं. यात नवल वाटायला नको. आपण सदरा घालतो, पण साडी नेसतो आणि फेटा बांधतो. कुणी ‘साडी घातली’ म्हटलं की आजीच्या कपाळाला आठी पडते, तसंच हे. चुकलात तरी दुकानदाराला कळतं, हसतात फक्त.

‘द्वेयो’ म्हणजे चालेल, ‘आन द्वेयो’ म्हणजे चालणार नाही. हे ‘आन’ कान देऊन ऐका. दोंगदेमुनच्या घाऊक बाजारात, जो रात्रभर चालतो, किंवा जमिनीखालच्या दुकानांच्या रांगांत कपडा अंगाला लावून बघू देतात, घालू देतीलच असं नाही. मी स्वतः अशाच एका दुकानातून न विचारता जाकीट उचललं. खोलीवर आल्यावर बाह्या मनगटाच्या वर! दुसऱ्या दिवशी परत गेलो, तर बाईंनी शांतपणे भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. ‘क्योह्वान, ह्वान्बुल’ म्हणजे बदलून देणं आणि पैसे परत. पुढे लिहिलं होतं ‘बुल्गा’, नाही. ते जाकीट शेवटी पुतण्याला दिलं. म्हणून पैसे देण्याआधी विचारा, ‘क्योह्वान द्वेयो?’

मोठं माप हवं तर ‘तॉ खुन गॉ इस्सॉयो?’, लहान हवं तर ‘खुन’च्या जागी ‘जागुन’. इथे आपला फायदा आहे बरं का. ‘ख’ आणि ‘क’ यांतला फरक ऐकायला युरोपियन माणसाला महिने लागतात, आपल्याला तो बाराखडीतच मिळालेला असतो. बुटांचं माप मात्र मिलिमीटरमध्ये असतं, 250 म्हणजे 25 सेंटिमीटर. पाय मोजून जा.

घासाघीस? ‘चोम क्काक्का जुसेयो’, थोडं कमी करा ना. नामदेमुनसारख्या बाजारात चालतं, रोख पैसे असतील तर जास्तच. मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये नको. दुकानदाराला ‘साजांगनिम’ म्हणा, आपल्या ‘शेठ’सारखं.

आणि काहीच घ्यायचं नसेल तर ‘चोम तुल्लॉ बोल्क्केयो’, ‘जरा फिरून बघते’ किंवा ‘बघतो’. परत येणार नाही हे दोघांनाही माहीत असतं, तरी बोलायचं, मान थोडी झुकवायची आणि पुढच्या दुकानात शिरायचं.