रक्त घेतलेत, पुढे काय?

‘‘डॉक्टरसाहेब, अंगठा कुठं करू?’’ शासकीय रुग्णालयात संशोधनासाठी संमती घेताना हा प्रश्न मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे. ‘कशासाठी?’ असे मात्र क्वचितच कोणी विचारते. बाहेर रांग असते, त्यामुळे आम्हीही पटकन जागा दाखवून मोकळे होतो. ही घाई किती महागात पडू शकते, हे अमेरिकेतल्या हवासुपाई आदिवासींच्या अनुभवावरून कळते.

अॅरिझोना राज्यातल्या ग्रँड कॅन्यनच्या खोल दरीत ही छोटी जमात राहते. तिच्यात मधुमेहाने थैमान घातले होते. १९९० पासून अॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी तिथे रक्ताचे नमुने गोळा केले. मधुमेहाचे कारण सापडेल, या आशेने दोनशेहून अधिक लोकांनी हात पुढे केला. संमतीपत्रातली भाषा मात्र मोघम होती. २००३ मध्ये जमातीतली एक महिला त्याच विद्यापीठात एका प्रबंधाच्या सादरीकरणाला गेली आणि तिथे खरा प्रकार समजला. तेच रक्त स्किझोफ्रेनिया आणि जमातीचे पूर्वज कुठून आले, अशा अभ्यासांसाठीही वापरले गेले होते. ज्या दरीला ते आपले उगमस्थान मानतात, त्या श्रद्धेलाच धक्का बसला. प्रकरण कोर्टात गेले. २०१० मध्ये तडजोड झाली. ४१ जणांना मिळून सात लाख डॉलर मिळाले आणि उरलेले नमुने परत करण्यात आले. गेलेला विश्वास मात्र पैशाने परत येत नाही.

याउलट उदाहरण आपल्या गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने दवाखाना कसा हवा, हे आदिवासींनाच विचारले. त्यामुळे तो झोपड्यांच्या वस्तीसारखा उभा राहिला आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव मिळाले. नवजात बाळांच्या मृत्यूंवरील संशोधनातही गावातल्याच स्त्रिया ‘आरोग्यदूत’ झाल्या. बाळाचे वजन करणे, जंतुसंसर्ग ओळखणे, गरज पडल्यास इंजेक्शन देणे ही कामे त्या शिकल्या. ३९ गावांत तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाले. हा अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी येतात, त्यामागे या कामाचा मोठा वाटा आहे.

सध्या आदिवासी भागांत सिकलसेलची तपासणी मोठ्या प्रमाणावर चालू आहे. ‘वाहक’ म्हणजे रुग्ण नव्हे, हे गोंडी, कोरकू किंवा भिलीत नीट समजावले नाही आणि मुलीचा रिपोर्ट चारचौघांत वाचला गेला, तर तिचे ठरलेले लग्न मोडू शकते. म्हणून काय तपासायचे, निकाल कोणाला आणि कसा सांगायचा, हे सुई टोचण्याआधी गावाशी बोलून ठरवायला हवे.

तुमच्याकडे कोणी संशोधनासाठी आले, तर निःसंकोच विचारा : रक्त कशासाठी? उरलेल्या नमुन्याचे काय करणार? निकाल आम्हाला कधी सांगणार? नाही म्हटले तर उपचार थांबतील का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेच असले पाहिजे. बाकीची उत्तरे मिळेपर्यंत अंगठा करू नका. आमची रांग थोडी लांबली तरी चालेल.