पिठीसाखर पांघरलेलं झुडूप

खडीसाखरेचा खडा उजेडात धरा, बऱ्यापैकी आरपार दिसतं. तोच खडा खलबत्त्यात कुटा, की झाली पांढरीशुभ्र पिठी! साखर तीच, रंग कुणी घातला नाही. मग पांढरेपणा आला कुठून? बारीक कणांच्या असंख्य कडांवर उजेड आपटतो आणि चहूकडे उधळला जातो, म्हणून.

अमेरिकेच्या नैर्ऋत्येला आणि मेक्सिकोच्या वायव्येला पसरलेल्या सोनोरन वाळवंटात एक झुडूप हीच युक्ती वापरून जगतं. त्याचं नाव ब्रिटलबुश, म्हणजे ठिसूळ झुडूप, कारण फांदी जरा वाकवली की काटकन मोडते. शास्त्रीय नाव एन्सेलिया फॅरिनोसा, आणि लॅटिनमध्ये ‘फॅरिना’ म्हणजे पीठ! लेकीकडे याच वाळवंटातल्या फीनिक्स शहरात गेलात तर ते बागांमधून आणि रस्त्याकडेला दिसेलच. उंची साधारण कमरेएवढी, आकार उपड्या टोपलीसारखा, पानं चंदेरी. हिवाळा सरता सरता वर लांब दांड्यांवर पिवळ्याधमक फुलांची गर्दी.

‘फुलं’ म्हटलं खरं, पण एक खुडून नीट बघा. ते एक फूल नाहीच, ती फुलांची अख्खी वसाहत आहे! मधल्या चकतीत चिमुकली फुलं दाटीवाटीनं बसलेली असतात. भोवतीची प्रत्येक ‘पाकळी’ हेसुद्धा एक स्वतंत्र फूल, तेही वांझ. तिचं काम फक्त मधमाश्यांना लांबून खुणावण्याचं. बी धरायचं ते चकतीतल्यांनी. सूर्यफुलाचा थाटही असाच. दोघं एकाच कुळातले.

आता पानाकडे वळू. त्यावर जणू पिठाची भुकटी दिसते, पण ती बोटानं पुसून जात नाही, कारण ती भुकटी नसून लव आहे. वाळलेल्या, हवा भरलेल्या केसांचा दाट थर. पिठीसाखरेसारखाच तोही उजेड परतवून लावतो. पण उजेड हेच तर झाडाचं अन्न शिजवायचं सरपण! ते कुणी आपणहून दारातून परत पाठवतं का?

पाठवावं लागतं. उन्हाळ्यात फीनिक्सचा पारा सहज 45 अंशांपुढे जातो. पान थंड ठेवायचं तर पाणी उडवावं लागतं, आणि तेच तर नाही. म्हणून थोडं सरपण सोडायचं आणि पाणी वाचवायचं, असा हा हिशेब. कॅलिफोर्नियाच्या दमट किनाऱ्यावर याचं एक भावंड आहे, एन्सेलिया कॅलिफोर्निका. त्याची पानं हिरवीगार, या लवेशिवायची. एलरिंजर, ब्योर्कमन आणि मूनी या शास्त्रज्ञांनी दोघांची तुलना करून 1976 साली निष्कर्ष मांडले. अन्न तयार करायला लागणारा प्रकाश शोषण्याचं प्रमाण लवेमुळे 56 टक्क्यांपर्यंत घटू शकतं!

खरी गंमत तर पुढेच आहे. ही लव बारा महिने सारखी नसते. पावसानंतर फुटलेली पानं मोठी आणि हिरवट. ओल आटू लागली की नवी पानं लहान, जाड आणि अधिकाधिक पांढरी येतात. ऋतू पाहून पोशाख बदलावा तसं! पाणी अगदीच संपलं, की पानंही गळतात आणि झुडूप नुसत्या काटक्यांवर दिवस काढतं.

हे झुडूप बागेत लावायचं तर जागा भर उन्हाची आणि माती पाण्याचा झटकन निचरा होणारी हवी. रोप लहान असताना पाणी घालायचं, मुळं रुजली की हात आखडता घ्यायचा. बहर ओसरल्यावर छाटणी करायची. छाटताना बोटांना पिवळसर डिंक चिकटेल. स्पॅनिश मिशनऱ्यांनी हाच डिंक चर्चमध्ये धुपासारखा जाळला, म्हणून स्पॅनिशमध्ये हे झाड ‘इन्सिएन्सो’, म्हणजेच धूप. कडाक्याच्या थंडीनं शेंडे करपले तर घाबरू नका, बहुधा बुडातून पुन्हा फुटवे येतात.

सगळ्यात अवघड काय, तर रोज झारी घेऊन बागेत जाण्याची आपली माया आवरणं. जास्त पाणी मिळालं की झुडूप लांबलचक, विरळ वाढतं आणि फांद्या कोलमडतात. तेव्हा झारी उचलण्याआधी शेंड्याची नवी पानं बघा. ती हिरवट असतील, तर झुडपाची तहान अजून भागलेलीच आहे.